एका ई-वनमध्ये टी-वन किती?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेत ‘२ एमबी’ची लीज लाइन होती. मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या पहिल्या नोकरीच्या कार्यालयात ‘टी-वन’ लाइन होती आणि ती १.५४४ मेगाबिटची असते, असे ती सांगते. आमची २ एमबी म्हणजे ‘ई-वन’, प्रत्यक्षात २.०४८ मेगाबिट, असे एका तक्त्यात सापडले. २.०४८ ला १.५४४ ने भागले तर १.३२६ येतात. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले माझे मित्र मात्र म्हणतात की चार ई-वन म्हणजे पाच टी-वन. त्या हिशेबाने प्रमाण १.२५ होते. बरोबर कोण? हे आकडे असे आडमुठे का? आणि आमच्या २ एमबीच्या लाइनवर फाइल उतरवताना पडद्यावरचा आकडा सेकंदाला २३५ केबीच्या पुढे कधी गेला नाही. उरलेले जात होते कुठे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा भागाकार अचूक आहे आणि तुमच्या मित्रांचा हिशेबही. फक्त दोघांनी मोजलेली वस्तू वेगळी आहे. तारेवरून सेकंदाला जाणारे एकूण एक बिट तुम्ही मोजलेत. त्या तारेवर एका वेळी किती संभाषणे चालतात ते त्यांनी मोजले. याच प्रश्नाची आणखी दोन बरोबर उत्तरे आहेत, १.२९ आणि १.३३. तीही पुढे येतील. एका लाइनच्या एकूण आकड्यावरून थेट दुसऱ्या लाइनच्या एकूण आकड्यावर उडी मारली की असा घोळ होतो. अशा वेळी आधी ६४ किलोबिटपर्यंत खाली उतरायचे आणि तिथून दुसऱ्या लाइनवर चढायचे. जुन्या टेलिफोन जाळ्यातली प्रत्येक मोठी लाइन या ६४ भोवती रचलेली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

टेलिफोनवर माणसाचा आवाज समजण्यापुरता पोचवायचा तर ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरतो. आजूबाजूला थोडी मोकळी जागा सोडून अभियंत्यांनी ४००० हर्ट्‌झ धरले. बदलत्या लहरीचे नमुने घेऊन ती पुन्हा जशीच्या तशी उभी करायची असेल, तर तिच्यातल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या किमान दुप्पट वेळा नमुना घ्यावा लागतो. या नियमाशी हॅरी नायक्विस्ट यांचे नाव जोडलेले आहे. म्हणून सेकंदाला ८००० नमुने. प्रत्येक नमुन्याची उंची लिहायला ८ बिट दिले, म्हणजे २५६ पायऱ्या मिळाल्या. ८००० गुणिले ८ बरोबर ६४,०००. एका बाजूचा आवाज वाहायला लागणारे हे सेकंदाला ६४ किलोबिट. दूरसंचारातले लोक याला एक चॅनेल म्हणतात, अमेरिकेत डीएस-झीरो.

ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. अलेक रीव्ह्‌ज या ब्रिटिश अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना १९३८ साली फ्रान्समध्ये तिचे पेटंट घेतले. पण तेव्हा हाताशी फक्त व्हॉल्व्ह होते. एवढे मोजमाप करणारे यंत्र त्यांतून बांधायचे तर ते अवाढव्य आणि महागडे झाले असते. ट्रान्झिस्टर आला तेव्हा कुठे ही कल्पना रोजच्या वापरात आणणे परवडू लागले.

१९६२ साली अमेरिकेच्या बेल सिस्टिमने टी-वन वापरात आणली. बेल लॅबोरेटरीजचे मुख्यालय पुढे बरीच वर्षे न्यू जर्सीतच, मरे हिलला होते. तुमच्या मुलीच्या शेजारचीच गोष्ट म्हणायची. शहरातल्या दोन एक्स्चेंजांमध्ये जमिनीखाली तांब्याच्या जोड्या टाकलेल्या होत्या. त्यांवर साधारण दर ६००० फुटांवर आवाज सुधारणारी वेटोळी बसवलेली असत. ती काढून त्या जागी बिट नव्याने घडवून पुढे पाठवणारे रिपीटर बसवले. तेवढ्या अंतरात तांब्याची जोडी सेकंदाला साधारण दीड मेगाबिट खात्रीने पेलू शकत होती, आणि दीड मेगाबिटमध्ये ६४ किलोबिटची २४ चॅनेल बसतात.

आता हिशेब पाहा. २४ चॅनेलचा प्रत्येकी एक नमुना, ८ बिटांचा, म्हणजे १९२ बिट. पण पलीकडच्या यंत्राला पहिले चॅनेल कुठून सुरू होते ते कळायला हवे, नाही तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जाईल. म्हणून पुढे एक खुणेचा बिट जोडला. एकूण १९३. अशी फ्रेम सेकंदाला ८००० वेळा जाते, म्हणून १५,४४,००० बिट. तुम्हाला विचित्र वाटलेला १.५४४ तो हाच. त्यातले ग्राहकाच्या कामाचे १.५३६ मेगाबिट, खुणेच्या बिटांपायी सेकंदाला ८००० जातात.

युरोपातल्या टपाल-दूरसंचार प्रशासनांनी आपली रचना नंतर आखली, त्यामुळे त्यांना अमेरिकेचा अनुभव पाहता आला. टी-वनमध्ये ‘फोन उचलला, ठेवला, नंबर फिरवला’ हे निरोप पाठवायला वेगळी जागाच नव्हती. त्यासाठी आवाजाच्या नमुन्यातला शेवटचा बिट दर सहाव्या फ्रेमला उसना घेत. कानाला ते कळत नसे, पण आकडेमोडीची माहिती पाठवणाऱ्याला एक बिट हरवणेही परवडत नाही. युरोपियनांनी ३२ जागांची फ्रेम केली. शून्य क्रमांकाची जागा खुणेसाठी, सोळाव्या क्रमांकाची निरोपांसाठी आणि उरलेल्या ३० बोलण्यासाठी. ३२ गुणिले ६४ बरोबर २०४८ किलोबिट. हीच ई-वन. भारताने ही युरोपीय पद्धत घेतली. तुमचे मित्र बहुधा तिला नुसते ‘पीसीएम’ म्हणत असतील. ‘दोन एक्स्चेंजांमध्ये चार पीसीएम आहेत’ म्हणजे १२० बोलण्यांची सोय. तुमच्या बँकेच्या फोन बोर्डाला पीआरआय नावाची डिजिटल जोडणी असेल, तर तीही ई-वनच, ३० बोलण्यांची. अमेरिकेत पीआरआय टी-वनवर चालते. तिथे २४ पैकी एक चॅनेल निरोपांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे बोलायला २३ उरतात.

एवढे कळले की तुमचे कोडे आपोआप सुटते. बोलणी मोजायची असतील तर ३० भागिले २४, म्हणजे १.२५. चार ई-वनमध्ये १२० बोलणी आणि पाच टी-वनमध्येही १२०. तुमच्या मित्रांनी आयुष्यभर हेच मोजले. संगणकाची माहिती मोजायची असेल तर ई-वनची सोळावी जागाही कामाला लावता येते, फक्त शून्याची सोडावी लागते. ३१ जागांचे १.९८४ मेगाबिट होतात. त्यांना टी-वनच्या १.५३६ ने भागले की १.२९. तारेवरचे सगळे बिट, खुणांसकट, मोजायचे असतील तर तुमचे १.३२६. शाखा-कार्यालयांच्या लाइनचा दर ठरवताना किंवा फाइल किती वेळात जाईल हे काढताना १.२९ धरा. १.३२६ चा उपयोग रिपीटर आणि तारा तपासणाऱ्यालाच.

आणखी एक रूपांतर आहे. मुलीचा आवाज फोनवरून ऐकत होता, तेव्हा ते तुमच्या नकळत होत होते. नमुन्याच्या २५६ पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. हळू आवाजाजवळ त्या दाट असतात आणि मोठ्या आवाजाकडे विरळ, म्हणजे कुजबुजही नीट पोचते. पायऱ्या कशा आखायच्या याचे दोन नियम झाले. अमेरिका आणि जपान म्यू-लॉ वापरतात. युरोप आणि भारत ए-लॉ. एकीकडच्या पायरीचा क्रमांक दुसरीकडे जसाच्या तसा वाचला तर आवाज विस्कटतो. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.७११ शिफारशीत असे ठरले की कॉल दोन पद्धतींच्या देशांमध्ये असेल, तर हा बदल म्यू-लॉ वापरणाऱ्या देशाने करायचा. न्यू जर्सीहून निघालेला आवाज अमेरिकेच्या बाजूलाच आपल्या पद्धतीत येऊन कोल्हापूरला पोचत असे.

आता तुमचे २३५. इथे चार वजाबाक्या एकामागून एक झाल्या आहेत आणि एकीतही कुणी तुम्हाला फसवलेले नाही.

लाइनचा दर बिटांत सांगतात. संगणक फाइलचे माप बाइटमध्ये दाखवतो. एक बाइट म्हणजे ८ बिट. ‘२ एमबीची लाइन’ हा आपल्याकडचा बोलण्याचा शिरस्ता आहे, पण त्यातला ‘बी’ बिटचा. फाइलच्या ‘एमबी’तला ‘बी’ बाइटचा. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. २.०४८ मेगाबिटला ८ ने भागले की सेकंदाला २,५६,००० बाइट उरतात. मग फ्रेममधली शून्याची जागा गेली. ३१ जागांचे १.९८४ मेगाबिट, म्हणजे २,४८,००० बाइट. पुढे, संगणक माहिती सलग पाठवत नाही, तिचे तुकडे करतो. १५०० बाइटच्या प्रत्येक तुकड्यात ४० बाइट पत्ता, क्रमांक आणि पोच यांत जातात, म्हणून तुमच्या फाइलच्या वाट्याला सेकंदाला सुमारे २,४१,००० बाइट आले. शेवटची वजाबाकी केवळ मोजण्याची: दूरसंचारात किलो म्हणजे १०००, तर तुमच्या पडद्यावरचा केबी १०२४ बाइटचा. २,४१,००० ला १०२४ ने भागा, उत्तर २३५ येते. तुमची लाइन ठणठणीत होती. पडद्यावर १५० दिसले असते, तर मात्र तक्रार करायला हवी होती.

हजार आणि १०२४ यांच्यावरून एक गैरसमज फार पसरलेला आहे. २०४८ ला १०२४ ने भागले की बरोबर २ येतात. त्यामुळे पुष्कळांना वाटते की ई-वनला ‘२ एमबी’ म्हणतात ते या भागाकारामुळे, आणि दूरसंचारातही मेगा म्हणजे १०२४ किलो. तसे नाही. ३२ आणि ६४ हे दोन्ही दोनाचे घात आहेत, म्हणून त्यांचा गुणाकार २०४८ येतो. पण त्यातला ६४ हा ६४,००० बिटांचा आहे आणि त्या हजारांचे मूळ सेकंदाच्या ८००० नमुन्यांत आहे. ई-वन २०,४८,००० बिटांची. २०,९७,१५२ ची नव्हे. मेमरीच्या चिप दोनाच्या घातांनी बनतात म्हणून तिथे १०२४ चा हिशेब सोयीचा. तारेवर घड्याळाचे ठोके मोजतात आणि तिथे तो गैरलागू. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९९८ साली आयईसी या विद्युततंत्राच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १०२४ च्या मापांना किबी, मेबी अशी वेगळी नावे दिली, पण ती अजून लोकांच्या तोंडी बसलेली नाहीत.

तुमच्या हातातल्या तक्त्यात ई-वनच्या पुढे ८.४४८, ३४.३६८, १३९.२६४ असे आकडे असतील. दर पायरीला चार लाइन एकत्र केल्या आहेत, पण चारने गुणून पाहा: २.०४८ चे ८.१९२ होतात, तक्त्यात ८.४४८ आहेत. अमेरिकेत २८ टी-वन मिळून एक टी-थ्री होते. २८ गुणिले १.५४४ म्हणजे ४३.२३२, तक्त्यात ४४.७३६. दर वेळी काहीतरी जास्तच. याचे कारण घड्याळे. प्रत्येक एक्स्चेंजमधल्या यंत्राचे घड्याळ वेगळे आणि कुठलीही दोन घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. ई-वनला दहा लाखांत ५० इतका फरक चालतो. म्हणजे कुणाची लाइन सेकंदाला १०२ बिट जास्त देईल, कुणाची तेवढेच कमी. अशा चार लाइन एका साच्यात बसवायच्या तर साचा थोडा मोठा हवा आणि जिथे खरा बिट आला नाही तिथे भरीचा बिट घालायला हवा. देवगडचा बागाईतदार आंब्याची पेटी भरताना फळांमधल्या फटींत पेंढा खुपसतो, कारण पेटीचे माप ठरलेले आणि आंबे थोडे लहानमोठे, इथेही तसेच. फरक एवढाच की इथे ‘या जागी पेंढा आहे’ असे सांगणारे बिटही सोबत पाठवावे लागतात, नाही तर पलीकडचा माणूस पेंढ्यालाच आंबा समजेल. वरचे जास्तीचे बिट ते हेच.

म्हणून एक सावधगिरी. ३४.३६८ ला २.०४८ ने भागून ‘ई-थ्रीमध्ये १६.७८ ई-वन’ असे म्हणू नका. बसतात १६, ना कमी ना जास्त, बोलणी ४८०. टी-थ्रीत २८ टी-वन, ६७२ बोलणी. वरच्या पायऱ्यांवर पेट्या मोजायच्या, वजन नाही. जपानने तर सुरुवात अमेरिकेच्या १.५४४ आणि ६.३१२ ने केली आणि पुढे ३२.०६४ आणि ९७.७२८ असा स्वतःचाच रस्ता धरला. एका जगात तीन शिड्या, आणि पायऱ्या कुठेच समोरासमोर नाहीत.

या रचनेत आणखी एक अडचण होती. १४० मेगाबिटच्या लाइनमधून वाटेतल्या एका गावासाठी एकच ई-वन उतरवायची असेल तर आधी १४० चे ३४, मग ३४ चे ८, मग ८ चे २ असे सगळे उलगडून, ती एक काढून, बाकीचे पुन्हा बांधावे लागे. ऑप्टिकल फायबर आल्यावर हे कुणालाच परवडेना. अमेरिकेत बेलकोर या संस्थेने १९८५ च्या सुमारास सॉनेट नावाची नवी रचना मांडली. युरोपच्या शिडीलाही ती चालावी म्हणून बरीच ओढाताण झाली आणि १९८८ साली आंतरराष्ट्रीय शिफारशी ठरल्या. आपण तिच्या जागतिक रूपाला एसडीएच म्हणतो.

एसडीएचमध्ये मला सर्वांत आवडते ती तिची पहिली पायरी, एसटीएम-१. तिचा दर १५५.५२ मेगाबिट. आकडा पुन्हा आडमुठा वाटेल, पण ६४ वर उतरा आणि पाहा. या फ्रेममध्ये ९ ओळी आणि २७० स्तंभ, म्हणजे २४३० बाइट. फ्रेम सेकंदाला जाते पुन्हा ८००० वेळा, रीव्ह्‌ज यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्याच ठोक्याने. म्हणजे फ्रेममधला प्रत्येक बाइट हा एक ६४ किलोबिटचा चॅनेल आहे. २४३० गुणिले ६४ करा: १,५५,५२० किलोबिट. एकही बिट इकडचा तिकडे नाही.

आता राहिलेले चौथे उत्तर, १.३३. १५५.५२ ला २.०४८ ने भागले तर जवळपास ७६ येतात, पण एसटीएम-१ मध्ये ई-वन बसतात ६३. टी-वन बसतात ८४. का? प्रत्येक ई-वनला तिच्या पत्त्यासकट आणि भरीसकट फ्रेममध्ये ३६ बाइटची जागा ठरवून दिलेली आहे. टी-वनला २७ बाइटची. ६३ गुणिले ३६ म्हणजे २२६८. ८४ गुणिले २७ म्हणजेही २२६८. दोन्ही खंडांच्या शिड्या ठेवायला एकच फळी पुरावी अशा बेताने ही मापे निवडली आहेत. तीन ई-वनच्या जागेत चार टी-वन बरोबर बसतात. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबलमध्ये अशा एसटीएम लाइन भाड्याने घेणाऱ्याच्या दृष्टीने ई-वन आणि टी-वनचे प्रमाण १.३३ होते. तुमच्या १.३२६ च्या इतके जवळ की दोन्ही एकच वाटावेत, पण त्याचा उगम वेगळा आहे.

इथून पुढे शिडी सोपी आहे. एसटीएम-४ म्हणजे ६२२.०८, एसटीएम-१६ म्हणजे २४८८.३२ आणि एसटीएम-६४ म्हणजे ९९५३.२८ मेगाबिट, इथे सगळी घड्याळे एकाच मुख्य घड्याळाला बांधलेली असल्याने चारने गुणले की झाले. फक्त ‘१० जी’ हा शब्द ऐकलात तर कुठले ते विचारा. एसटीएम-६४ लाही १० जी म्हणतात आणि १० गिगाबिट इथरनेटलाही. पहिलीचा एकूण दर ९.९५३ गिगाबिट, तर दुसरी ग्राहकाची माहितीच १० गिगाबिट वाहते. त्यामुळे दुसरी पहिलीत जशीच्या तशी मावत नाही.

प्रश्न : डायल-अप इंटरनेटच्या काळात मोडेमवर ‘५६ के’ छापलेले असे, पण जोडणी ४५ किंवा ४८ चीच मिळे. कधी कधी मात्र संगणक १,१५,२०० दाखवी. खरे काय मानायचे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : ४५ खरे. १,१५,२०० हा तुमचा संगणक आणि टेबलावरचा मोडेम यांच्यामधल्या वायरचा दर होता. टेलिफोन लाइनशी त्याचा काही संबंध नव्हता.

५६ कसे आले ते वरच्या उत्तरावरून कळेल. एक्स्चेंजपर्यंत तुमचे चॅनेल ६४ किलोबिटचे होते. एक्स्चेंजमधून घराकडे मात्र ८००० नमुने विजेच्या दाबाच्या रूपात तांब्याच्या तारेवर येत आणि २५६ पायऱ्यांमधल्या काही इतक्या जवळ असत की मोडेमला त्या वेगळ्या ओळखता येत नसत. निम्म्याच वापरल्या तर १२८, म्हणजे नमुन्यामागे ७ बिट. ८००० गुणिले ७ बरोबर ५६,०००. १९९८ च्या व्ही.९० मानकाची ही कमाल मर्यादा, आणि ती गाठायला तार छोटी व स्वच्छ लागे. तार लांब असेल, जोड गंजलेले असतील, तर पायऱ्या आणखी कमी ओळखू येत. शिवाय ५६ हा आकडा फक्त घराकडे येणाऱ्या दिशेचा होता. घरातून जाताना मोडेमच्या लहरीचे नमुने एक्स्चेंजमध्ये नव्याने घेतले जात, त्यात थोडी चूक होतच असे, म्हणून त्या दिशेला ३३.६ किलोबिट हीच सीमा होती. फोटो पाठवायला तो उतरवण्यापेक्षा जास्त वेळ लागे, तो यामुळे.

प्रश्न : १५५ मेगाबिटच्या लाइनवर बिट २ मेगाबिटच्या लाइनपेक्षा जोरात धावतात का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज ‘इंटरनेटचा वेग’ या बोलण्यामुळे रुजला आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, लाइन कितीही मेगाबिटची असो. बदलते ती बिटाची लांबी. २.०४८ मेगाबिटच्या लाइनवर एक बिट फायबरमध्ये जवळजवळ ९८ मीटर जागा व्यापतो, १५५.५२ च्या लाइनवर सव्वा मीटरहून थोडी जास्त. एसटीएम-६४ वर तर दोनच सेंटिमीटर. बिट आखूड झाले म्हणून एका सेकंदात जास्त मावतात. धावण्याचा वेग तोच.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. फायबर अगदी त्याच रेषेने टाकले असते तरी पहिला बिट पोचायला एक सेकंदाचा सोळावा भाग लागला असता, आणि तो दोन्ही लाइनवर सारखाच. फरक शेवटच्या बिटात पडतो. एक मेगाबाइटचा, म्हणजे ८० लाख बिटांचा फोटो ई-वनवर चढवायला चार सेकंद लागतात. एसटीएम-१ वर एका सेकंदाचा विसावा भाग.

उलटही पाहा. एक ई-वन समुद्राखालच्या केबलवरून गेली आणि दुसरी भूस्थिर उपग्रहावरून, तर दर दोन्हींचा २.०४८ मेगाबिटच. पण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. वर जाऊन खाली यायला आवाजाला पाव सेकंद लागतो आणि प्रश्नाचे उत्तर परत यायला अर्धा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यातल्या आर्वीला विक्रम भू-केंद्र सुरू झाले आणि भारतातून परदेशी फोन उपग्रहामार्गे जाऊ लागले. त्या काळी लंडनला बोलणारा माणूस ‘हॅलो’ म्हणून क्षणभर थांबायला शिकला, नाही तर दोघेही एकाच वेळी बोलू लागत. लाइन रुंद केल्याने तो अर्धा सेकंद कमी होण्यासारखा नव्हता. तो कमी झाला तो कॉल समुद्रतळाच्या फायबरवर आल्यावर.